छोट्या छिद्रातून कॅन्सर पूर्ण निघतो का?

दुर्बिणीने फुप्फुसाची गाठ काढायचं ठरलं की घरचे लोक मला बाजूला घेऊन विचारतात, "डॉक्टर, एवढ्याशा छिद्रातून आत काही राहून तर जाणार नाही ना?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

चीर लहान असते, आतलं ऑपरेशन लहान नसतं. छाती उघडायची तर फासळ्या फाकवाव्या लागतात. त्यात फासळ्यांलगतच्या नसा दाबल्या जातात आणि काहींची छाती महिनोन्‌महिने दुखत राहते. दुर्बिणीत हे फाकवणं टळतं. रक्तवाहिन्या आणि श्वासनलिकेची शाखा मात्र त्याच, त्या स्टेपलरने बंद करून कापायच्या. निघालेला भाग पिशवीत घालूनच बाहेर काढतो, म्हणजे कॅन्सरच्या पेशी छातीच्या भिंतीला लागत नाहीत. ब्रिटनमधल्या 'व्हायोलेट' चाचणीत दोन्ही पद्धतींची तुलना झाली. दुर्बिणीच्या रुग्णांना दुखलं कमी, गुंतागुंतही कमी झाली आणि कॅन्सर काढण्यात कसर राहिली नाही.

भाग किती काढायचा, हा वेगळा प्रश्न. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. अख्खा खंड काढायचा, हाच कित्येक वर्षं नियम होता. २०२२ मध्ये जपानची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. कडेच्या, दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी खंडाचा फक्त एक उपभाग काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते, खंड काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के. मात्र उपभागाच्या गटात कॅन्सर आसपास पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण जास्त होतं. हे न सांगता नुसतं "फुप्फुस वाचेल" म्हणणं मला पटत नाही.

राहून जाण्याची काळजी करायचीच, तर फुप्फुसाच्या आसपासच्या लसिकाग्रंथींची, म्हणजे लिम्फ नोड्सची करा. कॅन्सर तिथे लपू शकतो आणि तसा सापडला तर पुढचे उपचारच बदलतात. म्हणून गरज वाटली तर ऑपरेशनआधी 'ईबस' करतो: टोकाला सोनोग्राफी असलेली दुर्बीण श्वासनलिकेत घालून, समोर दिसणाऱ्या ग्रंथीतून सुईने नमुना घ्यायचा. बाहेर चीर नाही. ऑपरेशनमध्येही ग्रंथी काढून तपासायला पाठवतो. तुमच्या सर्जनना छिद्रं किती, हे विचारण्याआधी कुठल्या कुठल्या ग्रंथी काढणार, ते विचारा.

कधी मोठ्या रक्तवाहिनीतून रक्तस्राव होतो, कधी ग्रंथी घट्ट चिकटलेल्या असतात. अशा वेळी छाती उघडावी लागते. त्याची संमती मी आधीच घेते आणि वेळ आली तर लहान चिरेचा हट्ट धरत नाही.