अर्ध्या मनाने नव्हे हो

परवा माझी चांगलीच फजिती झाली, ती पण एका ओळीच्या इंग्लिशपायी. क्लायंट बाईंचा मेल आला, काम दुसऱ्यांदा लांबलं म्हणून वैतागलेल्या, आणि शेवटी लिहिलेलं, आय हॅव हाफ अ माइंड टु कॅन्सल द होल थिंग. मी लावलं डोकं, हाफ माइंड म्हणजे अर्धं मन, आणि सरांना सांगून मोकळी झाले की बाई कॅन्सल करतायत पण अगदी अर्ध्या मनाने, मनापासून नाही काही! सरांनी लगेच सगळ्यांना मीटिंगला बसवलं. तासाभराने एकीने मेल स्वतः वाचला आणि म्हणाली, "अगं, कॅन्सल केलंय कुठे?"

केलंच नव्हतं. आपलं अर्ध्या मनाने म्हणजे काम करायचं पण जीव ओतायचा नाही, त्याला ते लोक हाफ-हार्टेड म्हणतात. हाफ अ माइंड टु मध्ये अजून काहीच केलेलं नसतं, फक्त करून टाकावं असं जाम वाटत असतं. इथला माइंड म्हणजे इरादा, चेंज युअर माइंड मधला असतो ना तोच. आपण नाही का म्हणत, माझ्या मनात आहे जायचं, ते मन.

गुड माइंड पण चालतं, आय हॅव अ गुड माइंड टु कम्प्लेन. हे थोडं जास्त जोरात, पण रागाच्या भरात लोक दोन्ही वापरतात आणि बऱ्याचदा तक्रार वगैरे काही करत नाहीत, बोलून वाफ जाते. इन टू माइंड्स मात्र वेगळं, ते करू की नको वालं.

मग मराठीत याला काय म्हणायचं ते शोधत बसले. हात शिवशिवणे जवळचं आहे, पण कुणाला एक ठेवून द्यायला हात शिवशिवतात, ऑर्डर कॅन्सल करायला कसले शिवशिवतायत. मोह होणे जरा जास्तच गोड. नंतर लक्षात आलं की वेगळा वाक्प्रचार लागतच नाही, "असं वाटतंय ना, सरळ कॅन्सल करून टाकावं सगळं", झालं काम. बाईंचा अख्खा राग त्या 'टाकावं' मध्ये येतो, नुसतं 'करावं' म्हटलं तर निम्मा गळतो.

बाईंना सॉरीचा मेल टाकला, नवी तारीख दिली. उत्तर आलं, फाइन. आता या फाइनचा अर्थ सरांना कोणी दुसऱ्याने सांगा.