मेणवलीच्या घाटावर जलरंग
आज आमच्या शाळेचे निसर्गचित्रण शिबिर वाईजवळच्या मेणवलीत, नाना फडणवीसांच्या वाड्यामागील कृष्णेच्या घाटावर झाले. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरायचा नसतो, उजेडासाठी कागदच कोरा राखावा लागतो, हे वर्गात सांगूनही मुलांना उमगत नव्हते. पाण्यावर पडलेले ऊन पाहताच ते उमगले. काळ्या पाषाणाच्या पायऱ्यांसाठी काळा रंग न उचलता निळा आणि तपकिरी मिसळून सावली शोधणारी सातवीतील मुलगी पाहून मला मनापासून आनंद झाला. (१७३९ च्या वसई विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटाही अनेकांनी रेखाटली.) ऊन चढले की सावल्या आखडतात, म्हणून पुढील शिबिरात मुलांना सूर्योदयापूर्वीच घाटावर बसवावे, असे मला वाटते.