तुम्ही विचारलंत म्हणून: कोरोनामुळे डोळ्याच्या आत पू होतो का?

२०२१ ची लाट ओसरून इतकी वर्षं झाली तरी नाशिकला ओपीडीत हा प्रश्न येतोच. "डॉक्टर, आमच्या मामांचा डोळा कोरोनाने गेला, मला पण झाला होता, मग माझं काय?" आणि कुणी बरोब्बर उलटं, "आम्हाला तर कोरोना झालाच नव्हता, मग हे आतलं इन्फेक्शन आलं कुठून?"

डोळे येतात ते हे नव्हे. त्यात वरचं आवरण सुजतं, चिपडं येतात, बहुतेकांचं आपोआप बरं होतं. मी म्हणतोय ते एंडोफ्थॅल्मायटिस, म्हणजे डोळ्याच्या आत जी जेली असते तिच्यातच बॅक्टेरिया किंवा बुरशी वाढणं. बहुतेक वेळा ते बाहेरून आत शिरतं, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर (हजारो ऑपरेशनांत क्वचितच), नाहीतर सातपूर-अंबडच्या कारखान्यात हातोडा मारताना लोखंडाचा कण घुसला, निफाडकडे द्राक्षबागेतली तार लागली. थोड्या लोकांमध्ये मात्र ते रक्तातून येतं, आणि कोरोनानंतर जे पेशंट दिसले ते या प्रकारातले.

आता मामांचं. अशा डोळ्यातली जेली तपासली की सापडतात ते बॅक्टेरिया, नाहीतर कॅन्डिडा, अ‍ॅस्परजिलससारख्या बुरशी. कोरोनाच्या विषाणूने पू केला असं नाही, त्याने वाट मोकळी करून दिली. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने जीव वाचतात हे २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या ट्रायलने दाखवलं, पण ते ऑक्सिजन लागणाऱ्यांसाठी, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. आपल्याकडे ऑक्सिजन चांगला असतानाही घरी बसून स्टेरॉइड घेतलेले लोक होते, त्यात शुगर वाढलेली, वर आयसीयूतल्या सलाईनच्या लाइन, लघवीची नळी, एवढं सगळं एकत्र आल्यावर जंतूला रक्तात शिरायला अजून काय पाहिजे? आणि हेच सगळं कोरोना न झालेल्या डायबेटिसवाल्याला, डायलिसिसवाल्याला, लिव्हरमध्ये पू झालेल्याला पण लागू आहे. म्हणून दोन्ही प्रश्नांचं उत्तर मी जवळपास सारखंच देतो, कोरोना झाला होता का ते सांगा, पण ॲडमिट होता का, स्टेरॉइड किती दिवस घेतलं, शुगर किती होती हे आधी सांगा.

विषाणू स्वतःच डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना, खराब करतो असंही असतं बरं का. एचआयव्हीत सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, ५० च्या खाली गेला की सीएमव्ही नावाचा विषाणू रेटिनाला धरतो, पण तो आजार वेगळा, औषध वेगळं, आणि एचआयव्हीच्या गोळ्या नीट चालू असतील तर हल्ली तो खूप कमी दिसतो.

खरी पंचाईत बुरशीची, कारण ती ओरडत नाही. डोळा जेमतेम लाल, दुखणं थोडं, फक्त धुरकट दिसतं, काळे ठिपके तरंगतात. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, चष्म्याचा नंबर वाढला असेल, आणि कुणी मेडिकलवरून ड्रॉप आणून टाकतं, त्यात स्टेरॉइड असलं तर बुरशीला खुराकच. दवाखान्यातून घरी आल्यावर काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत असं झालं तर बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या, त्याच दिवशी.

ड्रॉपने भागत नाही, जेलीपर्यंत औषध पुरेसं पोचतच नाही. म्हणून जेलीचा थेंब तपासणीला काढून डोळ्यातच इंजेक्शन देतो, बॅक्टेरियासाठी व्हॅन्कोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम, बुरशीचा संशय असेल तर व्होरिकोनॅझोल. सुईचं नाव काढलं की घाबरतात सगळे, पण आधी बधिर करतो आणि काम काही सेकंदांचं असतं. गरज पडली तर जेली काढायचं ऑपरेशन. शिवाय रक्तातून आलंय म्हटल्यावर फिजिशियन लागतोच, उगम शोधून शिरेतून नाहीतर तोंडाने औषध द्यावं लागतं.

नजर परत येते का? कॅन्डिडा लवकर सापडला तर बऱ्याचदा चांगली येते. अ‍ॅस्परजिलस पडद्याच्या मधोमध बसला असेल तर मी आशा लावत नाही, डोळा वाचवायलाच धडपड असते. आणि येताना डिस्चार्ज कार्ड आणा, चष्मे चारचार आणतात लोक, ते कार्ड मात्र घरी.