किलोने काय भाव?

केक किलोने विकला तरी मैद्याचा भाव कुणी काढत नाही. नाताळच्या आधी चर्चच्या आवारात हस्तकलेची विक्री भरते, तेव्हा हाताने घडवलेल्या लोखंडी वस्तूंच्या टेबलाशी मात्र दिवसभरात कुणीतरी टांगायचा आकडा उचलतं, तळहातावर तोलतं आणि विचारतं, "किलोने काय भाव?"

हिशेब तसा सोपा आहे. 8 मिलिमीटरची सळई मीटरला चारशे ग्रॅमला थोडी कमी भरते. 20 सेंटिमीटरचा आकडा म्हणजे 80 ग्रॅम, नव्या सळईच्या भावानेही पाच-सहा रुपयांचं लोखंड. बाकी सगळा पैसा भट्टीचा आणि हाताचा. तो वाद घालून पटत नाही, वस्तूवरच दिसावा लागतो. म्हणून आकड्याच्या टोकाला पान काढायचं, आणि नाशकात ते द्राक्षाचंच. गिऱ्हाइकाला ओळख पटवावी लागत नाही, आणि येशूने स्वतःला द्राक्षवेल म्हटल्याने चर्चमध्ये तिचा अर्थ निराळा सांगायची गरज नसते.

पान असं निघतं: सळई नारिंगी तापवून टोक काढायचं, मग ऐरणीच्या कडेवर मान, म्हणजे पान आणि देठ यांमधला बारीक भाग, बसवायची. कड धारदार असेल तर मानेत खाच पडते आणि पुढे तिथेच तडा जातो. म्हणून कड आधी जराशी गोल घासलेली बरी. पान चपटं करून गरम असतानाच बोथट छिन्नीने शिरा ओढायच्या. घात होतो तो नंतरच्या तावात, म्हणजे पुन्हा तापवताना. पान पातळ आणि देठ जाड, त्यामुळे देठ तापेपर्यंत पानाच्या ठिणग्या उडू लागतात. ताव देठाला द्यायचा, पान निखाऱ्यांबाहेर ठेवायचं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या भंगारातल्या चकचकीत गोल तुकड्यांचा मोह टाळावा. ते बरेचदा लेथवर सहज कापलं जावं म्हणून गंधक घातलेलं पोलाद असतं. तापवून ठोकलं की भुगा होतो. जस्ताचा मुलामा असलेला पाइप तर भट्टीजवळही नको, त्याचा धूर अंगाला बाधतो.

भिंतीकडचं टोक 4 मिलिमीटरपर्यंत चपटं करून 5 मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि सोबत स्क्रू आणि भिंतीच्या भोकात बसणारी गिट्टी द्यायची. या दोन-तीन रुपयांच्या पुडीने जेवढे आकडे खपतात तेवढे नक्षीने खपत नाहीत. भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीला भोक पाडायची सोय नसते, त्यांच्यासाठी एस आकाराचे आकडे हवेत. गॅलरीत नाताळची चांदणी टांगायलाही तेच लागतात. फक्त वरचं तोंड आत वळवून ठेवावं, नाहीतर वाऱ्याने चांदणी खाली.

मेणबत्तीच्या स्टँडला पाय तीनच. चार पाय मांडवाच्या टेबलावर डुगडुगतात आणि गिऱ्हाईक नेमकं तेच हलवून बघतं. घोड्याच्या नालेपासून बनवलेल्या वस्तू चांगल्या दिसतात, पण टेबलावर नाल दिसली की "काळ्या घोड्याची आहे का?" हा प्रश्न आलाच. चर्चच्या दारात शनीची चर्चा नको.

नाशिकच्या शरणपुरात लोखंड नवखं नाही. 1850च्या दशकात मिशनऱ्यांनी वसवलेल्या या वस्तीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना लोहारकाम, सुतारकाम शिकवलं जाई. इथेच शिकलेला जेकब वेनराइट 1874 साली आफ्रिकेत फिरलेला संशोधक-मिशनरी लिव्हिंग्स्टन याच्या शवपेटीसोबत लंडनला गेला. आज शरणपूर रोडने जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे.

विक्रीची खरी वेळ उपासना सुटल्यानंतरचा अर्धा तास. तेव्हा बोलायला सवड नसते, म्हणून किंमत वस्तूवरच हवी, तीही सुतळीने बांधलेल्या चिठ्ठीवर. मेण लावलेल्या लोखंडावर स्टिकर टिकत नाही. पांढरी चादर तासाभरात काळी होते, घोंगडी अंथरावी. जड माल टेबलाच्या पायांवर येईल असा मांडावा, मध्ये ठेवला तर फळी वाकते. पानाची कड कानशीने मारून घ्यावी, लहान पोरं बोट फिरवल्याशिवाय राहत नाहीत आणि धातूची कुसळ टोचली की आईसकट गिऱ्हाईक जातं.

मेण लावायचीही वेळ असते. तारेच्या ब्रशने काळे पोपडे काढून, लोखंड इतकंच गरम असताना की मधमाशांचं मेण टेकवल्यावर वितळेल आणि किंचित धुरेल. पेट घेतला तर ताव जास्त. थंड असेल तर थर चिकट राहतो आणि धूळ धरतो. तव्या-उलथण्याला मेण नको, जवसाचं तेल पातळ पुसून तापवायचं.

डिसेंबरात नाशकात पहाटे दव पडतं आणि दिवसभर शंभर हातांचा घाम मालाला लागलेला असतो. उरलेला माल संध्याकाळी तेलाच्या फडक्याने पुसूनच बांधावा, तोही वर्तमानपत्रात नव्हे; तो कागद ओल धरतो आणि बोटांचे ठसे तांबेऱ्याने उमटतात. मेणकागदात गुंडाळलेला माल नाशिक रोडच्या बाळ येशूच्या फेब्रुवारीतल्या यात्रेपर्यंत सहज टिकतो.