आमची वाटचाल : दुरुस्तीच्या टेबलापासून स्वतःच्या नॉइज गेटपर्यंत

आज आम्ही नॉइज गेट बनवतो, म्हणजे वाजवणं थांबलं की गिटारचा नको असलेला आवाज बंद करणारी, पायाशी ठेवायची छोटी पेटी (पेडल). पण आमची सुरुवात दुरुस्तीपासून झाली. अँप, पेडल, केबल, जे येईल ते उघडायचं, तपासायचं, सोल्डर मारायचं आणि वाजवून बघून परत द्यायचं. मी आणि माझा भागीदार, दोघेही गिटारवाले. तो मेटल वाजवायचा आणि त्याचं अँप मी सांभाळायचो. टेबलावर सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच असायची: "गेन वाढवला की नुसती सूं सूं चालू होते, आत काहीतरी बिघडलंय." उघडून बघावं, तर बिघडलेलं काहीच नसायचं.

हे असं का होतं, ते लोकांना समजावून सांगता सांगताच आमचा व्यवसाय उभा राहिला. म्हणून इथेही सांगतो. जोरात छेडलेल्या तारेचा सिग्नल पिकअपमधून, म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणाऱ्या गिटारवरच्या भागातून, शेकडो मिलिव्होल्टपर्यंत येतो. पिकअपची गुंडाळी, रेझिस्टर, अँपमधली पहिली ट्यूब यांचा स्वतःचा आवाज असतो काही मायक्रोव्होल्टचा. क्लीन वाजवताना तो कुणाला ऐकूही येत नाही. पण हाय-गेन अँप सिग्नलला एकामागून एक तीन-चार टप्प्यांतून नेऊन हजारो पट वाढवतं. सूर लगेच छताला, म्हणजे अँपच्या मर्यादेला, टेकतो, तिथे लाटेचं डोकं कापलं जातं, आणि आपल्याला हवं असलेलं डिस्टॉर्शन मिळतं. तळाशी बसलेल्या हिस्सला, म्हणजे त्या सूं सूंला, मात्र वर यायला मोकळं रान असतं. गेन आणखी चढवला की सूर होता तिथेच राहतो आणि हिस्स तेवढा वर येतो. यात अँपचा दोष नाही, हाय-गेनचं गणितच तसं आहे.

गुणगुण ही वेगळी बाब. विजेची 50 किंवा 60 हर्ट्झची गुणगुण पिकअप हवेतून उचलतं. त्यावर सेथ लव्हर यांनी गिब्सन या गिटार कंपनीत असताना हंबकर नावाचं पिकअप काढलं. पेटंटसाठी अर्ज 1955 मध्ये केला आणि ते 1959 मध्ये मिळालं. दोन गुंडाळ्या अशा जोडलेल्या की दोघींत शिरलेली गुणगुण एकमेकींना मारते. हिस्सवर मात्र हंबकरकडेही औषध नाही. तिथे गेटच लागतं: वाजवणं थांबलं की दार बंद, तार छेडली की दार उघडं.

बाजारात गेट होतेच. बॉसचं एनएस-2 1987 पासून आहे, आणि खरं सांगायचं तर आमची शाळा तीच. त्यात गिटार जिथून आत येते तिथेच तिचा अंदाज घेतला जातो, पण आवाज दाबला जातो तो लूपमधून, म्हणजे बाहेर जाऊन परत येणाऱ्या वाटेतून, आलेल्या सिग्नलचा. म्हणजे कान एका ठिकाणी आणि दार दुसऱ्या. हे कळलं आणि आमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डिस्टॉर्शन झाल्यावर सूर आणि हिस्स यांच्यात अंतर फार थोडं उरतं, त्यामुळे तिथे थ्रेशोल्ड (दार ज्या पातळीला उघडतं ती) लावणं म्हणजे तारेवरची कसरत. खाली ठेवला तर हिस्सच दार उघडते, वर ठेवला तर विरत जाणारा सूर मधेच तुटतो. गिटारमधून नुकत्याच निघालेल्या स्वच्छ सिग्नलमध्ये मात्र वाजणं आणि न वाजणं यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून ऐकायचं ते तिथे, आणि दार लावायचं ते प्रीअँपच्या (अँपमधल्या गेन वाढवणाऱ्या भागाच्या) पुढे, अँपच्या इफेक्ट्स लूपमध्ये. डिले आणि रिव्हर्ब हे प्रतिध्वनीचे इफेक्ट त्याच्याही पुढे, नाहीतर त्यांच्या शेपट्या गेट कापून टाकतं.

आपलं स्वतःचं गेट करायचं ठरलं. पहिला नमुना एलइडी आणि एलडीआर (उजेडानुसार रोध बदलणारा भाग) वापरून केला. दार सुरेख उघडायचं, पण बंद व्हायला वेळ घ्यायचं. अंधार झाल्यावर एलडीआरला सावरायला अवधी लागतो, आणि तुटक रिफमध्ये (परत परत वाजणाऱ्या छोट्या ओळीत) प्रत्येक ठोक्यामागे हिस्सची शेपटी ऐकू यायची. मग जेफेट हा ट्रान्झिस्टर लावला. तो चपळ होता, पण लूपमधला मोठा सिग्नल त्याला झेपेना, आवाज खरखरीत व्हायला लागला. शेवटी व्हीसीए (व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणाऱ्या) चिपवर आलो आणि तिथेच स्थिरावलो.

पहिल्या खेपेत 25 पेडल केले. ती खेप आम्ही कधीच विसरणार नाही. व्हीसीएला अधिक आणि उणे असे दोन्ही व्होल्टेज लागतात आणि पेडलला मिळतात नुसते 9 व्होल्ट. त्यातून उणे व्होल्टेज तयार करायला आम्ही चार्ज पंप वापरला. तो सुमारे 10 किलोहर्ट्झला चालू-बंद होत होता. आमच्याकडे सगळ्या चाचण्या लूपच्या जोडणीतच झाल्या होत्या. तिथे पेडलच्या सेंडमधून निघालेली शिटी अँपमधून वाढून परत यायची खरी, पण वाजवताना ती डिस्टॉर्शनखाली झाकली जायची आणि थांबलं की आमचंच दार तिला कोंडून टाकायचं. आम्हाला ती कधी ऐकूच आली नाही. ज्यांनी पेडल सरळ गिटार आणि अँप यांच्यामध्ये लावलं, त्यांना मात्र प्रत्येक शांत जागेत बारीक, टोकदार शिटी ऐकू यायला लागली. कारण त्या जोडणीत शिटी दाराच्या पुढून निघत होती आणि सगळा गेन तिच्या पुढे होता. आवाज घालवायला घेतलेल्या वस्तूनेच आवाज आणला. आम्हाला झोप लागली नाही. सगळे 25 पेडल स्वखर्चाने परत मागवले, पंपाची फ्रिक्वेन्सी कानाच्या मर्यादेच्या वर नेली, त्याच्या वाटेवर फिल्टर टाकला, ग्राउंडचा मार्ग नव्याने आखला. तेव्हापासून प्रत्येक पेडल दोन्ही जोडण्यांत वाजवल्याशिवाय खोक्यात जात नाही.

दुसरा धडा सात तारांच्या गिटारने दिला. एक वादक खालची तार 'ए'वर उतरवून वाजवायचे. त्यांचं म्हणणं होतं, शेवटचा कॉर्ड विरताना फडफडतो. ते आले, कॉर्ड मारून सोडून दिला, आणि आम्ही सिग्नलची लाट दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या पडद्याकडे बघत बसलो. आवाज हळूहळू उतरत होता. थ्रेशोल्डजवळ आला आणि दार प्रत्येक लाटेला उघडायला-मिटायला लागलं, वाऱ्यावर न अडकवलेली खिडकी आपटते तसं. साध्या 'ई' तारेची एक लाट सुमारे 12 मिलिसेकंदांची, पण 55 हर्ट्झच्या 'ए'ची 18 च्या वर. दोन लाटांच्या मधल्या दरीला आमचं सर्किट शांतता समजत होतं.

त्यावर दोन उपाय केले. दार उघडण्याची पातळी आणि मिटण्याची पातळी यांत 5 डेसिबलचं अंतर ठेवलं, म्हणजे उंबरठ्यावर घुटमळणाऱ्या सुराने दार हलत नाही. आणि 25 मिलिसेकंदांचा होल्ड दिला: सिग्नल खाली गेला तरी तेवढा वेळ दार धरून ठेवायचं. जास्त का नाही? मिनिटाला 200 ठोक्यांच्या लयीत एक सोळावा ठोका (ठोक्याचा चौथा भाग) 75 मिलिसेकंदांचा असतो. दोन ठोक्यांमधली जागा त्याहून लहान, आणि पाम म्यूटची (तळव्याने तारा दाबून वाजवण्याची) सगळी गंमत त्या जागेत असते. तिथे हिस्स शिरली तर रिफची धार जाते. हा 25 चा आकडा आम्ही कागदावर काढला नाही. माझा भागीदार एकच रिफ वाजवत राहिला आणि मी ट्रिमर (होल्ड ठरवणारा बारीक स्क्रू) फिरवत राहिलो. संध्याकाळी त्याने मान डोलावली, तेव्हा स्क्रूवर रंगाचा ठिपका लावून तो पक्का केला. पुढच्या सगळ्या पेडलांचा होल्ड त्या ठिपक्यावरून ठरला.

आज आमच्याकडे चार जण काम करतात. सोल्डरिंग आणि चाचणी बघणाऱ्या ताईंचा कान आमच्या दोघांपेक्षा तयार आहे. त्यांनी नापास केलेलं पेडल आम्ही वाद न घालता उघडतो. दुरुस्ती बंद केलेली नाही, कारण आवाज कुठून येतो हे तिथेच कळत राहतं.

गेट हवंय म्हणून फोन आला की आधी विचारतो: गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा, काय होतं? आवाज गेला तर तो पिकअपमधून येत होता. अँपपासून दूर उभं राहून, वळून बघा, गुणगुण कमी होते का. व्हॉल्यूम शून्यावर असूनही आवाज राहिला तर पेडल एकेक करून काढा. एकाच अडॅप्टरवर माळेसारखे जोडलेले पेडल असतील तर स्वतंत्र आउटपुटचा सप्लाय वापरून बघा. ग्राउंड लूपची (ग्राउंडच्या एकाहून जास्त वाटांमुळे येणारी) घरघर गेटने झाकता येते, पण तार छेडली की ती सुरासोबत परत बाहेर येते. बरेच जण एवढ्यावरच सुटतात आणि गेट घेत नाहीत. त्याचं आम्हाला वाईट वाटत नाही, नंतर दुसऱ्या कामासाठी तेच परत येतात.

सध्या टेबलावर नवा बोर्ड आहे. त्यात डेप्थचं बटण दिलंय: दार पूर्ण न मिटता हिस्स फक्त हवी तेवढी खाली जाते, म्हणजे हळुवार भागात आवाज एकदम तुटल्यासारखा वाटत नाही. सात तारांचे तेच वादक दर आठवड्याला येऊन तो वाजवून जातात. मागच्या वेळी म्हणाले, "रिलीज अजून थोडा लांब हवा," म्हणजे दार अजून सावकाश मिटायला हवं. ट्रिमर अजून रंगवलेला नाही.