अर्धवटराव उलटून बोलतात तेव्हा

बोलक्या बाहुल्यांचा शो सुरू झाला की सगळे बाहुलीकडे बघतात, मी आपली माणसाकडे बघत बसते. अर्धवटराव काहीतरी आगाऊ बोलले की त्या बाहुल्याला बोलतं करणाऱ्या रामदास पाध्यांचा चेहरा बघा कधी, अगदी ओशाळलेला, हा काय बोलून बसला असा! आता वाक्य त्यांचंच, आवाज त्यांचाच, कळ ओढणारं बोटही त्यांचंच, पण ऐकताना मात्र पहिल्यांदाच ऐकल्यासारखं.

लोक कौतुक करतात ते ओठ न हलवण्याचं. ते अवघड आहेच म्हणा, प-फ-ब-भ-म ओठ न मिटता म्हणून बघा, मी आरशासमोर ट्राय केलं तर पापडचं ताताड झालं. शब्दभ्रमकार, म्हणजे बाहुलीच्या तोंडून बोलणारे हे कलाकार, ओठांचं काम जिभेकडून करून घेतात, वर्षानुवर्षं रियाज करून. पण मला विचाराल तर खरी गंमत त्या ऐकण्यात आहे. मनातलं बोलून टाकायचं आणि वर त्यावर रागवायचंही आपणच, ही सोय बाकी कोणाला आहे? आमची आजी देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाशी भांडायची, तुला काय, आयता लोण्यावर बसलायस म्हणून, पण तो बिचारा गप्प. बाहुली उलट उत्तर देते ना!

आणि अर्धवटराव तर वयानंही मोठे. रामदासांचे वडील यशवंत पाध्ये यांनी घडवलेले, आता शंभरी पार केलेले. रामदासांनी १९६७ मध्ये पहिला शो केला तेव्हा हातात होता तो वडिलांचा जुना जोडीदार, त्याच्याशी बोलताना वडिलांची आठवण निघत नसेल असं होईल का? मला तरी नाही वाटत.

अर्थात हे सगळं घरच्यांना झेपतंच असं नाही. अमेरिकेत एडगर बर्गन नावाचे शब्दभ्रमकार होते, लाजरेबुजरे, पण त्यांचा बाहुला चार्ली मॅकार्थी महा फाजील, रेडिओवर कोणाचीही टोपी उडवायचा. रेडिओवर शब्दभ्रम, म्हणजे ओठ हलले काय न हलले काय, दिसणार कोणाला, तरी लोक चार्लीवर फिदा! घरात चार्लीला स्वतंत्र खोली होती आणि बर्गनांची मुलगी कँडिस, पुढे मोठी अभिनेत्री झाली ती, लहानपणी चार्लीची बहीण म्हणूनच ओळखली जायची. १९७८ मध्ये बर्गन गेले, मृत्युपत्रात चार्लीच्या नावे दहा हजार डॉलर, कँडिसला काहीच नाही. मी तिच्या जागी असते तर चार्लीशी कडाकडा भांडले असते, पण त्याच्या वतीनं उत्तर द्यायला आता होतं कोण?