चलानची एपीके फाइल उघडली आणि पैसे गेले, तर

व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ नावाची फाइल येते. बरेचदा ती ओळखीच्याच नंबरवरून येते, कारण त्या माणसाचा फोन आधीच भामट्यांच्या ताब्यात गेलेला असतो. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘डॉट एपीके’ दिसलं की हात आवरा. तो कागदही नाही, फोटोही नाही. अँड्रॉइड फोनमध्ये बसणारं ते अख्खं ॲप असतं. लग्नपत्रिका, पीएम किसान, वीजबिल, बँकेची केवायसी अशी नावं बदलत राहतात, डाव तोच. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचं खरं चलान एसएमएसने कळतं आणि त्यांच्या ई-चलानच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून ते तपासता येतं. त्यासाठी व्हॉट्सॲपवरून आलेलं कुठलंही ॲप बसवावं लागत नाही.

हे ॲप बसताना एसएमएस वाचायची आणि पाठवायची परवानगी मागतं. इथेच सगळा खेळ आहे. युपीआय ॲप नव्या फोनवर चालू करताना तुमच्या सिमवरून एक एसएमएस जावा लागतो, त्यावरून बँक नंबर ओळखते. परवानगी मिळाली की हा एसएमएस तुमच्या नकळत जातो आणि तुमचं खातं भामट्याच्या फोनवर उघडतं. मग ‘फक्त १ रुपया भरा’ असं म्हणत खोट्या पानावर डेबिट कार्डाचे आकडे, मुदत आणि पिन भरून घेतात. ओटीपी तर ॲप परस्पर पुढे पाठवतंच. म्हणून ‘मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही, तरी पैसे गेले’ असं सांगणारी माणसं खरंच बोलत असतात. घरच्यांनी आधी त्यांना रागावणं थांबवावं. त्या ओशाळलेपणापायी लोक दोन-दोन दिवस गप्प बसतात आणि तोवर पैसे हाताबाहेर जातात.

पैसे गेल्याचं कळताच त्या फोनचं इंटरनेट बंद करा, विमान मोड लावा आणि सिम काढून ठेवा. पुढचे सगळे फोन दुसऱ्या फोनवरून करा. तुमच्या फोनवर कॉल दुसरीकडे वळवलेले असू शकतात, आणि त्याच फोनवर नवा पिन टाकलात तर तोही चोराला मिळायची भीती असते.

पहिला फोन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला. पोलीस ठाण्याची वाट नंतर धरा. पैसे एका खात्यात थांबत नाहीत. भाड्याने घेतलेल्या पहिल्या खात्यातून ते तुकडे होऊन दुसऱ्या, तिसऱ्या खात्यांत जातात आणि शेवटी एटीएममधून काढले जातात. १९३० वरची तक्रार थेट संबंधित बँकांपर्यंत जाते, आणि पैसे जिथे सापडतील तिथे ते रोखून धरले जातात. काढलेली रोकड रोखता येत नाही, म्हणून इथे मिनिटांना मोल आहे. फोन लावताना बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक समोर ठेवा. युपीआयमध्ये हा १२ आकडी यूटीआर असतो, व्यवहाराच्या तपशिलात मिळतो. लहान लहान रकमा वेगवेगळ्या गेल्या असतील तर प्रत्येकीचा क्रमांक द्या. एखादा राहिला तर त्या रकमेचा माग निघत नाही. १९३० ची लाइन व्यस्त लागली तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर लगेच तक्रार भरा. फोनवर तक्रार घेतली गेली तरी एसएमएसने आलेला पोचक्रमांक वापरून २४ तासांच्या आत संकेतस्थळावर पूर्ण तक्रार भरायची असते. ही पायरी पुष्कळजण विसरतात.

त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी बँकेला फोन लावावा. नंबर कार्डाच्या मागचा किंवा पासबुकातला घ्यावा, गुगलवर शोधून नको. तिथे खोटे ग्राहक सेवा क्रमांक पेरलेले असतात. कार्ड, नेटबँकिंग, युपीआय तिन्ही बंद करायला सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

मग शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर नुकसानाचा बोजा येत नाही. ४ ते ७ कामकाजाचे दिवस झाले तर नेहमीच्या बचत खात्यासाठी तो १० हजारांपर्यंत मर्यादित असतो. एपीकेच्या प्रकरणात मात्र बँक ‘ग्राहकाचा निष्काळजीपणा’ म्हणून हात वर करू शकते. तरीही लवकर कळवणं सोडू नका, कारण बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील त्याचं नुकसान बँकेने सोसायचं असतं. म्हणूनच कळवल्याची वेळ कागदावर असली पाहिजे. अर्जात घडलं तेच लिहा: फाइल कुठून आली, कोणत्या परवानग्या दिल्या, काय टाइप केलं, ओटीपी कुणाला सांगितला की नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

फोन लगेच फॉरमॅट करू नका. व्हॉट्सॲपवरचा संदेश, ती फाइल, पाठवणाऱ्याचा नंबर, बँकेचे एसएमएस, सगळ्याचे फोटो दुसऱ्या फोनने काढून घ्या. ते झाल्यावर सेफ मोडमध्ये (यात बाहेरून बसवलेली ॲप्स चालत नाहीत) ते ॲप काढा, ##००२# डायल करून वळवलेले कॉल बंद करा आणि शेवटी फोन पूर्ण रिसेट करा. व्हॉट्सॲपवरून तुमच्याच नावाने ती फाइल इतरांना गेली असेल, त्यांनाही ताबडतोब कळवा.

पुढच्या दिवसांत ‘पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ असा फोन आला तर तो ठेवून द्या. ही दुसरी लूट असते. रोखलेली रक्कम साधारणपणे न्यायालयाच्या आदेशाने परत मिळते. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करतात. कोणत्या बँकेत किती रक्कम अडवली आहे याची माहिती सायबर पोलीस ठाण्यातून लेखी मिळवा आणि ती अर्जाला जोडा.